रोज खिशात बाळगायचं मल्टिटूल: निवडायचं कसं, पारखायचं कसं

शिकाऊ

मल्टिटूलवर, म्हणजे पातं, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड अशी अनेक अवजारं एकातच मिटणाऱ्या टूलवर, वाचायला भरपूर मिळतं, पण त्यात बहुतेक 'पहिले दहा' अशा याद्याच असतात. मला यादी नको, निवडायची रीत हवी आहे. गरज अशी: पार्सलं, दोऱ्या, झिप टाय कापणं, सैल झालेले स्क्रू आवळणं, कधीमधी वायर सोलणं किंवा अडकलेली पिन ओढून काढणं. घरी वेगळी अवजारं आहेत, त्यामुळे हे त्यांच्या जागी नको. बाहेर असताना हाताशी काहीतरी असावं, एवढंच.

लेदरमन की व्हिक्टोरिनॉक्स, हे आधी ठरवायचं की नंतर? पात्याला लॉक हवंच का? पोलादाच्या नावांना किती महत्त्व द्यायचं? आणि वस्तू हातात घेतल्यावर चांगली-वाईट कशी ओळखायची?

कानस

ब्रँड सगळ्यात शेवटी. आधी एकच ठरवा: पक्कड हवी की नको? वजन, जागा, कुठे अडकवायचं, हे सगळं त्या एका उत्तरावरून ठरतं.

पकडीला खरा जोर द्यायचा तर जबड्याला जाड पोलाद लागतं, आणि हाताचा जोर जबड्यापर्यंत नेणाऱ्या मुठी वाकून चालत नाहीत. म्हणून पूर्ण आकाराची पक्कड आणि बाकी सगळा संच असलेलं टूल दोनशे ग्रॅमच्या खाली सहसा येत नाही. लेदरमन वेव्ह प्लस २४१ ग्रॅम, मिटल्यावर १० सेंमी. व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट साधारण २१० ग्रॅम, १०.५ सेंमी. लेदरमन सर्ज साडेतीनशे ग्रॅमच्या जवळपास. त्याची जागा कमरेच्या म्यानात, खिशात नाही. पक्कड सोडली की आकडे एकदम उतरतात. व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीचा क्लाइंबर चाकू ८० ग्रॅमच्या आसपास आणि त्यात दोन पाती, कात्री, डबा-बाटली उघडायची अवजारं, आरी (भोक पाडायचं टोकदार अवजार), हूक. ५८ मिमीचा क्लासिक एसडी वीस-बावीस ग्रॅमचा, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो आणि जाणवतही नाही.

मधला मार्ग लेदरमन स्केलेटूलचा: १४२ ग्रॅममध्ये पूर्ण आकाराची पक्कड, एक पातं, बिट (ड्रायव्हरची सुटी टोकं) लावायची सोय. पण कात्री नाही, करवत नाही, कानस नाही. वजन कुठून कमी केलं ते उघड दिसतं.

ठरवायची रीत: दोन आठवडे एक कागद सोबत ठेवा. बाहेर असताना अवजाराची गरज पडली की तीन गोष्टी लिहा. काम काय होतं, ते कोणत्या अवजारानं झालं असतं, आणि ते घरी येईपर्यंत थांबलं असतं का. तिसऱ्या रकान्यात 'थांबलं असतं' आलेल्या ओळी खोडून टाका. उरलेल्यात पक्कड एकदाही आली नाही, तर ती रोज उचलून नेण्यात अर्थ नाही. बहुतेकांच्या कागदावर पातं आणि कात्री सगळ्यात वर येतात, मग स्क्रू ड्रायव्हर, आणि पक्कड बरीच खाली. पण ज्यांचं काम वायरिंग, सायकल, ध्वनियंत्रणा किंवा यंत्रांच्या देखभालीचं आहे त्यांचा क्रम उलटा निघतो. म्हणूनच दुसऱ्याची यादी उपयोगाची नसते.

पाचर

कानस यांच्याशी सहमत, एक भर घालतो. 'पक्कड हवी' याचा अर्थ 'पक्कड त्याच टूलमध्ये हवी' असा नाही.

निपेक्स कंपनीची कोब्रा एक्सएस ही सुटी पक्कड घ्या. लांबी फक्त १०० मिमी, वजन साठ-पासष्ट ग्रॅम, जबडा हवा तेवढा सरकवता येतो, २८ मिमीपर्यंतचा पाइप धरते. क्लाइंबर आणि ही मिळून वजन स्केलेटूलएवढंच होतं. त्या वजनात कात्री मिळते, दोन पाती मिळतात, आणि नट धरायला मल्टिटूलच्या टोकदार जबड्यापेक्षा कितीतरी चांगली पकड मिळते. मल्टिटूलचा जबडा पाचरीसारखा उघडतो, त्यामुळे षटकोनी नटाच्या दोन बाजूंना तो समांतर बसत नाही, कोपऱ्यांवर बसतो आणि कोपरे गोल करून टाकतो. कोब्रा जोर लावल्यावर आणखी घट्ट होते.

उणीव दोन: कोब्रात तार कापायची सोय नाही, आणि तिचं तोंड रुंद असल्यानं अरुंद जागेतली पिन किंवा काटा तिनं निघत नाही. शिकाऊ यांच्या गरजेत वायर आणि पिन दोन्ही आहेत, त्यामुळे त्यांना नाकाडी पक्कडच लागेल. ज्यांची कामं नळ, नट, पाइप यांची आहेत त्यांनी जोडीचा विचार जरूर करावा.

मिलिमीटर

स्क्रू ड्रायव्हरवर कुणी फारसं बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो. मल्टिटूलमध्ये सगळ्यात जास्त निराशा इथेच होते.

पहिली गोष्ट माप. चौफुलीच्या खाचेत पीएच२ हे माप सर्वांत जास्त भेटतं: फर्निचर, स्विचबोर्डची झाकणं, बिजागऱ्या, साधारण एम३.५ ते एम५ स्क्रू (एमपुढचा आकडा म्हणजे स्क्रूचा व्यास, मिमीत). पीएच१ लहान उपकरणांना, एम२ ते एम३ ला. चष्मा, लॅपटॉप याला पीएच०, पीएच००. पीएच२ च्या खाचेत पीएच१ घातला की तो फिरतो, पण खोलवर न टेकता वरच्या कडांवर फिरतो. दोन-तीनदा निसटला की खाच गुळगुळीत होते, आणि मग तो स्क्रू कुठल्याच ड्रायव्हरनं निघत नाही. मल्टिटूलमध्ये एकच फिलिप्स, म्हणजे चौफुलीचा ड्रायव्हर, असेल तर तो पीएच२ च्या जवळचा आहे ना, हे घरातल्या नेहमीच्या स्क्रूवर बसवून बघा. बोटानं धरून हलवल्यावर तो डुगडुगला नाही पाहिजे.

दुसरी गोष्ट टोकाचा आकार. काही टूलमध्ये फिलिप्सचं टोक सपाट पट्टीतून घडवलेलं असतं. चार पाकळ्यांपैकी दोनच पूर्ण बसतात, उरलेल्या दोन नावाला. हलक्या स्क्रूला चालतं, गंजलेल्याला नाही. स्पिरिटमधला फिलिप्स पूर्ण चार पाकळ्यांचा आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूंमध्ये टिंकर घेतला तर कॉर्कस्क्रूच्या जागी पाठीमागे फिलिप्स मिळतो. तो मुठीच्या मधोमध काटकोनात उघडतो, त्यामुळे टी-आकाराची मूठ होते आणि पीळ उत्तम बसतो. क्लाइंबर घेतलात तर त्यात वेगळा फिलिप्स नाही, पण डबा उघडायच्या अवजाराचं ३ मिमीचं टोक फिलिप्सच्या खाचेत बऱ्यापैकी बसतं. ते तसंच वापरायला बनवलेलं आहे.

तिसरी गोष्ट पोच. स्क्रू खड्ड्यात असेल, म्हणजे प्लगच्या आत किंवा खेळण्याच्या बॅटरीच्या झाकणात, तर टूलची मूठ आधी भिंतीला टेकते आणि टोक पोचतच नाही. इथे बिट लावायची सोय कामाला येते. मात्र लेदरमनचे बिट चपटे, दोन्ही टोकांना वेगळे असतात. बाजारातले नेहमीचे ६.३५ मिमीचे षटकोनी बिट त्यात बसत नाहीत. त्यासाठी त्यांचा वेगळा एक्स्टेंडर मिळतो. तो एका बाजूला टूलमध्ये बसतो, दुसऱ्या बाजूला नेहमीचा बिट घेतो आणि लांबीही वाढवतो. गर्बर कंपनीच्या सेंटर-ड्राइव्ह टूलमध्ये षटकोनी बिट थेट बसतो आणि तोही मुठीच्या मध्यरेषेवर, त्यामुळे हात फिरवताना टूल भोवऱ्यासारखं सरळ फिरतं. बाकी बहुतेकांत ड्रायव्हर एका कडेला असतो, आणि पिळताना टूल स्क्रूपासून कलतं.

चौथी गोष्ट खाचा ओळखणं. चौफुलीच्या मधून ४५ अंशात चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह. फिलिप्स त्यात सैल बसतो. जपानी यंत्रांवर डोक्यावर एक बारीक ठिपका असलेले जेआयएस (जपानी मानकाचे) स्क्रू भेटतात. त्यांवर फिलिप्स पूर्ण खोल बसत नाही, म्हणून दाब जास्त ठेवा. सायकलवाल्यांनी ४, ५, ६ मिमी ॲलन (षटकोनी) आणि टी२५ टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीचा) हे चार बिट पाकिटात ठेवले की बरंच भागतं.

आणि कुठलाही ड्रायव्हर असो, आधी दाब, मग पीळ. घट्ट स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडवा. गंज तुटतो तो त्या पहिल्या हालचालीत.

तंतू

वायरींबद्दल. सगळ्यात आधी हे: मल्टिटूलच्या मुठी धातूच्या असतात. चालू विजेवर ते वापरायचं नाही. मुठीवर टेप गुंडाळली किंवा रबरी हातमोजा घातला म्हणूनही नाही. चालू विजेच्या कामाच्या अवजारांवर आयईसी ६०९०० या मानकाचा उल्लेख, दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. तसं काही मल्टिटूलवर नसतं. मेन बंद, टेस्टरनं खात्री, मगच हात.

आता कापण्याचं. तांब्या-ॲल्युमिनियमची वायर, झिप टाय, खिळ्यांची मऊ तार कुठलीही धड पक्कड कापते. वायर जबड्याच्या टोकाशी धरू नका, खिळीच्या, म्हणजे जबडे जिथे फिरतात त्या सांध्याच्या, जितकी जवळ तितकं बरं. तिथे जोर कितीतरी पट जास्त मिळतो आणि जबडे एकमेकांपासून कडेला सरकत नाहीत.

नुकसान होतं ते कडक तारेनं. स्प्रिंग, सायकलचे आरे, पियानो वायर, मासेमारीचे गळ. यांचं पोलाद कापणाऱ्या धारेइतकंच किंवा जास्त कडक असतं, आणि धारेत अर्धगोल खड्डा पडतो. एकदा खड्डा पडला की बारीक तार त्याच खड्ड्यात जाऊन बसते आणि कापलीच जात नाही. शंका असेल तर टूलमधली कानस तारेवर घासून बघा. कानस चावली, भुकटी पडली, तर तार मऊ आहे, कापा. कानस काचेवरून गेल्यासारखी घसरली, तर कापू नका. काही टूलमध्ये खिळीच्या शेजारी कडक तारेसाठी वेगळी लहान खाच असते. ती असेल तर तिथेच कापा, मुख्य धारेवर नाही. कापताना तुटणारं टोक जमिनीकडे धरा, ते डोळ्याकडे उडतं.

कापायची धार बदलता येते का, हे वायरीचं काम करणाऱ्यांनी नक्की पाहावं. वेव्ह प्लसमध्ये ती दोन स्क्रू काढून बदलता येते. ज्यात बदलता येत नाही त्यात धार गेली की पक्कड फक्त धरण्यापुरती उरते.

सोलण्यासाठी बऱ्याच टूलमध्ये लहान खाच दिलेली असते. ती एकाच मापाची असते, त्यामुळे बारीक वायरीचे तंतू तुटतात. पात्यानं सोलायचं असेल तर पातं वायरीला काटकोनात दाबू नका. पेन्सिल तासावी तसं तिरपं ठेवून आवरण काढा. काटकोनात दाबलं की तांब्याला खाच पडते आणि पुढे वायर तिथेच मोडते.

रानवाटा

लॉकच्या प्रश्नावर. लॉक नसलेलं पातं पाठीमागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. कापताना जोर धारेकडे जातो, म्हणजे पातं उघडायच्या दिशेनंच ढकललं जातं, त्यामुळे नेहमीच्या कापाकापीत काही धोका नाही. धोका दोन प्रसंगी: टोक खुपसताना, आणि पातं कशात तरी अडकून मागे ओढताना. दोन्हीत पातं बोटांवर मिटतं. आरीचंही तेच. व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूच्या पाठीवरची आरी लॉक होत नाही, म्हणून भोक पाडताना जोर ती उघडते त्याच बाजूला राहील असा धरा.

पार्सल आणि दोरी एवढंच काम असेल तर लॉक नसलं तरी चालतं. लाकूड तासणं, प्लास्टिकच्या जाड डब्याला भोक पाडणं, एका हातानं शिडीवर काम करणं, यांना लॉक हवं. वेव्ह प्लस, स्पिरिट, लेदरमनची फ्री मालिका यांत सगळी मुख्य अवजारं लॉक होतात. १९८३ साली आलेल्या पहिल्या लेदरमन टूलमध्ये लॉक कुठेच नव्हतं, आणि तरीही ते वर्षानुवर्षं कामात होतं; तेव्हा लॉक नाही म्हणून एखादं टूल टाकाऊ ठरवू नका.

कायदाही इथेच आडवा येतो. ब्रिटनमध्ये कारण न देता सार्वजनिक ठिकाणी नेता येतं ते घडीचं, लॉक नसलेलं, ७.६२ सेंमीपर्यंत धारेचं पातं. जर्मनीत एका हातानं उघडून लॉक होणाऱ्या पात्यावर बंधन आहे. तुम्ही जिथे राहता तिथला नियम खरेदीच्या आधी वाचा. विमानाच्या केबिनमध्ये पातं असलेलं टूल नेऊ नका. ते सामानात चढवायच्या बॅगेत टाका, आणि निघण्यापूर्वी खिसे आणि किल्ल्यांचं जुडगं तपासा. जुडग्यातला लहान क्लासिक सर्वांत जास्त विसरला जातो.

करवतीबद्दल थोडक्यात: रोजच्या खिशात तिची गरज फार कमी जणांना असते. ट्रेकला जाणाऱ्यांनी घ्यावी, बाकीच्यांनी त्या जागी कात्री असलेलं मॉडेल बघावं.

शिकाऊ

खूपच उपयोगी पडतंय. कागदाची पद्धत आजपासून सुरू करतो. पोलादाबद्दल सांगाल का? एकाच आकाराच्या दोन टूलमध्ये फक्त पात्याच्या पोलादानं फरक पडलेला दिसतो.

कानस

पोलादाचा प्रश्न खरं तर 'धार किती टिकावी आणि लावायला किती वेळ द्यायचा' असा आहे. दोन्ही टोकं एकत्र मिळत नाहीत.

व्हिक्टोरिनॉक्सचं पातं ५६ एचआरसी (पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) कडकपणाचं. मऊ म्हणता येईल, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत धार येते आणि गंजाला चांगलं दाद देत नाही. प्रत्येक भागाचा कडकपणा त्यांनी वेगळा ठेवला आहे हे लक्षात घेण्यासारखं आहे: कात्री आणि करवत ५३, स्क्रू ड्रायव्हर आणि आरी ५२, स्प्रिंग ४९. ड्रायव्हर पात्याइतका कडक केला तर पिळताना मोडेल. थोडा मऊ असला की वाकतो पण तुटत नाही.

लेदरमनचं नेहमीचं पोलाद ४२०एचसी. कार्बन सुमारे ०.४५ टक्के, क्रोमियम १३ टक्के. व्हिक्टोरिनॉक्सच्याच जातीचं, धार लावायला तितकंच सोपं. स्केलेटूल सीएक्समध्ये १५४सीएम येतं. कार्बन एक टक्क्याच्या वर, धार बरीच जास्त टिकते. लेदरमनच्याच चार्ज प्लस टीटीआयमध्ये एस३०व्ही, २०२३ च्या आर्कमध्ये मॅग्नाकट. या दोन्हींत व्हॅनेडियमचे कठीण कण असल्यानं पुठ्ठ्यासारख्या घासणाऱ्या वस्तूवर धार पुष्कळ टिकते, पण साध्या दगडावर ती लावता लावता हात दुखतो. हिऱ्याची पट्टी लागते.

रोज पुठ्ठा कापत असाल तर महाग पोलादाला अर्थ आहे. दिवसाकाठी एक पाकीट उघडत असाल तर ४२०एचसी घ्या. माझं मत स्पष्ट आहे: धार लावता येणाऱ्या माणसाच्या हातातलं मऊ पातं, न येणाऱ्याच्या हातातल्या एस३०व्हीपेक्षा नेहमी जास्त धारदार असतं. नुसतं 'स्टेनलेस' किंवा पुढे अक्षर नसलेलं '४४०' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

धार लावायची तर १००० ग्रिटचा दगड पुरतो. कोन दर बाजूला १५ ते २० अंश. कोन मोजायची सोपी युक्ती अशी: पात्याची रुंदी १५ मिमी असेल तर २० अंशासाठी पाठ दगडापासून ५ मिमी वर राहते, १५ अंशासाठी ४ मिमीला थोडी कमी. तेवढ्या जाडीची नाणी रचून एकदा नजर बसवा. धारेवर मार्करची रेघ ओढा आणि दोन-तीन हात मारा. शाई धारेच्या पूर्ण उतारावरून अगदी टोकापर्यंत एकसारखी गेली तर कोन बरोबर. फक्त वरची गेली तर पाठ खाली बसली आहे, थोडी उचला. टोकाला फक्त केसाएवढी गेली तर पाठ जास्त उचललेली आहे. एका बाजूनं घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला बोटाला खरखरीत कोर लागत नाही. ती पूर्ण लांबीत लागली की बाजू बदला. शेवटी दाब अगदी कमी करत जा आणि कातड्याच्या जुन्या पट्ट्यावर धार मागे ओढत दहा-बारा हात मारा.

दातेरी पातं दगडावर घासू नका, दात सपाट होतात. निमुळती हिऱ्याची कांडी घेऊन एकेका खळग्यात, ज्या बाजूला खळगे कोरले आहेत फक्त तिकडूनच. हा त्रास नको असेल तर सरळ धारेचं मॉडेल घ्या. अर्धं सरळ, अर्धं दातेरी अशी पाती तर टाळाच. लहान पात्यात दोन्हीला पुरेशी लांबी उरत नाही.

पाचर

हातात घेतल्यावर काय बघायचं, ते आता.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांवर बरोबर आली पाहिजेत, एक पुढे एक मागे नको. वहीचा कागद टोकानं धरून हळू ओढा. सुटला तर बारीक पिन धरता येणार नाही. टोकं आतून बाहेर पिळल्यासारखी सरकली तर खीळ सैल आहे किंवा भोक मोठं पडलं आहे. तार कापायच्या धारेत कागद ठेवून मिटा. एक जागा न कापता राहिली तर धार एकसारखी भिडत नाही. मूठ जोरात आवळून बघा. उघड्या टूलच्या कडा तळहातात रुतत असतील तर खरं काम करताना दुप्पट रुततील.

पातं उघडून कडेकडेनं हलवा. अगदी थोडी हालचाल नव्या टूलमध्येही चालते, पण खटखट आवाज नको. लॉक पट्टीचा असेल तर उघड्या पात्याच्या बुडावर ती किती आली आहे ते पाहा. पाव ते अर्ध्या जाडीपर्यंत आलेली चांगली. नुसती कडेला टेकलेली असेल तर घसरेल. पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर तळहातानं हलका दाब द्या. मिटलं तर परत ठेवा.

एक अवजार ओढलं की शेजारची दोन-तीन सोबत येतात का, हेही बघा. नव्या टूलमध्ये थोडं होतं, तेल आणि वापरानं सुटतं. पण नखाची खाचच सापडत नसेल किंवा नख मोडेल इतकं कडक असेल, तर ते अवजार तुम्ही कधीच उघडणार नाही. वेव्ह प्लसमध्ये पातं, दातेरी पातं, करवत, कानस बाहेरून एका हातानं उघडतात, पण कात्री आणि ड्रायव्हर पक्कड उघडल्यावर आतून. स्पिरिट आणि फ्री पी४ मध्ये सगळंच बाहेरून. कात्री जास्त वापरणाऱ्यांना हा फरक दिवसातून अनेकदा जाणवतो. कात्रीची परीक्षा सुती दोऱ्यावर करा, कागदावर नाही. सैल कात्रीच्या पात्यांमध्ये दोरा नुसता दुमडतो.

फ्री मालिकेत मिटल्यावर धरून ठेवायला चुंबक आहेत. लोखंडाची भुकटी असलेल्या कारखान्यात किंवा ग्राइंडरजवळ काम करणाऱ्यांनी ती घेऊ नये. भुकटी चुंबकाभोवती जमते आणि फटींत जाऊन बसते.

तंतू

+१. नक्कल ओळखायला चुंबक लावून बघतात काही जण. त्यानं काही कळत नाही, पात्याची बहुतेक स्टेनलेस पोलादं चुंबकाला चिकटतातच. पात्याच्या बुडाशी कोरलेला ठसा आणि पकडीची टोकं जास्त खरं सांगतात.

मिलिमीटर

देखभालीवर. खिशातला धुरळा आणि कापसाचे तंतू खिळीत जाऊन तेलाला चिकटतात, त्यातून काळा चिखल होतो, आणि तोच पोलाद घासतो. दर महिन्याला: सगळी अवजारं अर्धी उघडा, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन खिळी घासा, पाण्यात बुडवूनच प्रत्येक अवजार पाच-सहा वेळा उघडझाप करा. फडक्यानं पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. मग प्रत्येक खिळीला हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब, उघडझाप, वरचं पुसून टाका. पात्यानं फळं कापत असाल तर खाण्यास सुरक्षित मिनरल ऑइल वापरा. खाद्यतेल नको, ते कालांतरानं चिकट गोंद होतं. डब्ल्यूडी-४० पाणी घालवायला आणि घाण सोडवायला चांगलं, पण त्याचा बराचसा भाग उडून जातो. त्यानंतर तेल द्यावंच लागतं.

घाम आणि खारं पाणी यांनी आधी पकडीची खीळ गंजते, पातं नंतर. काळ्या लेपाचं टूल घेतलं तरी खिळीत आणि धारेवर लेप नसतोच.

शिकाऊ

सगळं वाचून वेव्ह प्लस आणि स्पिरिट एक्स यांच्यावर येऊन थांबलो आहे. पक्कड हवी, कात्री हवी. एवढं वजन कुठे अडकवायचं, आणि या दोघांत कसं ठरवू?

कानस

दोन्ही २०० ग्रॅमच्या वरचे, त्यामुळे मोकळे खिशात नको. चालताना मांडीवर आपटतात, कापड खाली ओढतात, आणि फोन त्याच खिशात असेल तर काच जाते. कमरेच्या पट्ट्यावर आडवं किंवा उभं म्यान, किंवा रोजच्या बॅगेचा एक ठरलेला कप्पा. आडवं म्यान बसताना टोचत नाही. पॅन्टला अडकवायची क्लिप १५० ग्रॅमपर्यंत ठीक.

दोघांतली निवड तुमच्या गरजेवर. पिन ओढणं, बारीक काम, कात्री जास्त, पूर्ण आकाराचा फिलिप्स: स्पिरिट. त्याच्या जबड्याची टोकं निमुळती आहेत आणि मुठीच्या कडा गोल. एका हातानं पातं उघडणं, बिट बदलणं, तार कापायची धार बदलता येणं: वेव्ह प्लस. वायर तुमच्या यादीत 'कधीमधी' आहे आणि स्क्रू-कात्री रोज, त्यामुळे मी स्पिरिटकडे झुकेन. हमी दोन्हींची चांगली आहे: लेदरमनची २५ वर्षं, व्हिक्टोरिनॉक्सची साहित्य आणि घडणीतल्या दोषांसाठी आयुष्यभर. झीज मात्र कुणीच भरून देत नाही.

मिलिमीटर

वेव्ह प्लस घेतलात तर एक सांगून ठेवतो. काही महिन्यांनी पातं डुलायला लागलं तर खिळीचा टॉर्क्स स्क्रू घट्ट करावा लागतो. पाना टॉर्क्सचा, पण मधोमध भोक असलेला. साधा बसत नाही. एकदम आवळू नका. आठवा हिस्सा वळसा द्या, पातं उघडून हलवून बघा, परत आठवा हिस्सा. डुलणं थांबलं आणि उघडणं जड झालं नाही, तिथे थांबा. तरीही पुन्हा सैल होत असेल तर स्क्रू काढून आटे स्पिरिटनं पुसा (दारूचं स्पिरिट, टूल नव्हे), निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणारा गोंद) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा आणि पुन्हा तसंच आवळा. लाल लावू नका. तो सोडवायला तापवावं लागतं, आणि त्या उष्णतेनं शेजारच्या पात्याचं पाणी उतरू शकतं. पूर्ण पकड यायला २४ तास द्या, तोवर पातं उघडझाप करू नका. स्क्रू काढण्याआधी हमीच्या अटी वाचा. हमीत बसणारं काम असेल तर कंपनीकडे पाठवणंच बरं.

शिकाऊ

नीट टिपून घेतलं. कागद पंधरा दिवस चालवतो. पक्कड खरंच तीन-चारदा लागली तर स्पिरिट एक्स, नाही तर टिंकर आणि जुडग्यात क्लासिक. काय निघालं ते इथेच लिहीन.